तीन जिल्ह्यांचे विद्यापीठ

पुणे विद्यापीठ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गणेशखिंडीतली मुख्य इमारत उभी राहते. मुंबईच्या गव्हर्नरांना पावसाळ्यात राहता यावे म्हणून १८६४ साली, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तिचे बांधकाम सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने ती इमारत आणि भोवतालची सुमारे ४११ एकर जागा नव्या विद्यापीठाला दिली. आजही वर्तमानपत्रांत विद्यापीठाची बातमी आली की सोबत याच इमारतीचे छायाचित्र असते, आणि मानांकनाची चर्चा निघाली की बोलणे याच आवारातल्या विभागांभोवती फिरते. पण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी या आवारात शिकतच नाहीत. ते पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. कोणी जुन्नरला, कोणी जामखेडला, कोणी अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात, तर कोणी पुण्यापासून अडीचशे किलोमीटरांहून लांब सुरगाण्याला. विद्यापीठाचा खरा विद्यार्थीसमाज हा आहे. विद्यापीठाचे त्याच्याशी असलेले नाते मुख्यतः परीक्षेपुरते उरले आहे, आणि कारभारात त्याला मताचा अधिकार मिळाल्याशिवाय ते बदलणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

हे नाते मुळात असे का घडले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. अध्यापन आणि संशोधन हेही विद्यापीठाचे काम आहे हा विचार इथे सावकाश रुजला. महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ हवे ही मागणी त्याच विचारातून जोर धरत गेली. तिचा अभ्यास करण्यासाठी १९४२ साली बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९४८ साली कायदा झाला, १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि जयकरच पहिले कुलगुरू झाले. पहिल्या वर्षी १८ संलग्न महाविद्यालये आणि आठ हजारांवर विद्यार्थी होते. कार्यक्षेत्र मात्र बारा जिल्ह्यांचे. म्हणजे नवे विद्यापीठ एकाच वेळी दोन कामे अंगावर घेऊन जन्मले: गणेशखिंडीत शिकवायचे, आणि बारा जिल्ह्यांत परीक्षा घ्यायच्या. पहिल्या कामात त्याने नाव कमावले. जयकर ग्रंथालय आणि आवारातले पदव्युत्तर विभाग नावारूपाला आले, डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभारलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्र संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाची असली, तरी तिला जागा याच आवारात मिळाली. दुसऱ्या कामाकडे ओझे म्हणूनच पाहिले गेले.

ओझे हलके करायचा उपाय म्हणून विद्यापीठाची वाटणी झाली. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले आणि पुण्याकडे पाच जिल्हे राहिले. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि तीन उरले. हे दोन्ही निर्णय योग्य होते. कोल्हापूर आणि जळगावच्या मुलांना त्यामुळे विद्यापीठ जवळ आले. पण बाराचे तीन जिल्हे झाले तरी इथले काम कमी झाले नाही. महाविद्यालये अठरांवरून शेकड्यांत गेली आणि विद्यार्थी हजारांवरून लाखांत. शिवाय जी नवी विद्यापीठे निघाली त्यांनीही संलग्नतेची तीच पद्धत उचलली. नकाशावरचे अंतर घटले, पण विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यातल्या नात्याची जात बदलली नाही.

त्या नात्याची पाहणी करायची तर एका उत्तरपत्रिकेचा प्रवास पाहावा. तालुक्याच्या गावातली एखादी मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेते. तिची पात्रता तपासली जाते, तिला एक कायम नोंदणी क्रमांक मिळतो. सगळे त्याला पीआरएन म्हणतात. सत्र संपत आले की ती परीक्षेचा अर्ज भरते, हॉलतिकीट घेते, पेपर लिहिते. तिची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधली जाते आणि मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रावर, प्राध्यापकांच्या भाषेत ‘कॅप’ला, जाते. ती कोणाची हे तपासणाऱ्याला कळू नये अशी व्यवस्था असते, आणि ती असायलाच हवी. मग निकाल संकेतस्थळावर लागतो. गुण कमी वाटले तर छायाप्रतीसाठी एक अर्ज, पुनर्मूल्यांकनासाठी दुसरा, दोन्हींचे शुल्क वेगळे. एखादा विषय राहिला तर एटीकेटीवर पुढच्या वर्गात. नाव चुकीचे छापले तर आणखी एक अर्ज, आणि त्याच्या मागावर कधी पुण्यापर्यंतची फेरी. तीन वर्षांत विद्यापीठ तिला भेटते ते असे: क्रमांक, शुल्क, निकाल आणि खिडकी. निनावीपणा उत्तरपत्रिकेला शोभतो. तो विद्यार्थिनीच्याही वाट्याला यावा, हे मला मान्य नाही.

यावर विद्यापीठाची बाजू मांडणारे म्हणतील की परीक्षेपलीकडेही पुष्कळ काही चालते, आणि ते खरे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाचा जो मार्ग घालून दिला, त्याच वाटेने विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना चालते, आणि ती संलग्न महाविद्यालयांतही आहे. सकाळी ग्रंथालयात पुस्तके लावणारा, कार्यालयात नोंदी करणारा किंवा बागेत काम करणारा विद्यार्थी दुपारी त्याच महाविद्यालयात तास करतो. घरून पैसे येण्याची शक्यता नसलेल्या मुलांना या तासांच्या कमाईचा किती आधार असतो, हे ग्रामीण महाविद्यालयातला कोणताही प्राध्यापक सांगेल. बहिःशाल शिक्षण मंडळ जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत भरवते. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे होतात, ‘आविष्कार’ स्पर्धेत मुले आपले संशोधन मांडतात. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण या योजनांत विद्यार्थी लाभार्थी असतो. मानधन किती, ते वेळेवर मिळते का, व्याख्यानाला कोणाला बोलवायचे, शिबिर कुठे घ्यायचे, यांपैकी काहीही ठरवताना त्याला कोणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. संलग्नतेची पद्धतच कालबाह्य झाली, ती मोडावी, महाविद्यालयांना स्वायत्तता द्यावी, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही, असे अनेक शिक्षणतज्ज्ञ मानतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पंधरा वर्षांत संलग्नता टप्प्याटप्प्याने संपवायचे उद्दिष्ट ठेवले आहे. पुण्यातल्या जुन्या, नावाजलेल्या, सगळे विभाग भरलेल्या महाविद्यालयांना स्वायत्तता पेलते आणि मानवते. पण ज्या महाविद्यालयात निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत, प्रयोगशाळेत साहित्य नाही आणि ग्रंथपालाची जागा रिकामी आहे, त्याने स्वतःचा अभ्यासक्रम कसा आखायचा? मुख्य म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावाच्या पदवीला नोकरीच्या बाजारात कोण विचारणार? पेठ किंवा सुरगाण्याच्या मुलाला पुण्याच्या मुलाइतक्याच वजनाचे कागद हाती मिळतात, ते पदवीवर एकाच विद्यापीठाचे नाव असते म्हणून. ही समता आपण फार मोठ्या कष्टाने मिळवली आहे. २०१४ साली या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. ज्या बाईंनी शिक्षण नाकारलेल्यांना शाळेत आणले, त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने दुबळ्या महाविद्यालयांना एकटे सोडणे मला अन्यायाचे वाटते. संलग्नता टिकावी, पण तिच्यात विद्यार्थ्याला स्थान मिळावे.

त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. १९९४च्या कायद्याने विद्यार्थी परिषदेवर गुणवत्तेच्या निकषाने प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने, जो १ मार्च २०१७पासून लागू झाला, ती बदलून विद्यार्थ्यांच्या मतदानाने परिषद निवडण्याची तरतूद केली. अध्यक्ष आणि सचिव यांच्याबरोबर एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी, अशी विचारपूर्वक केलेली रचना तिच्यात आहे. विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवाला अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, जागा आहे, आणि विद्यापीठाचा अर्थसंकल्प तिच्यापुढेच येतो. म्हणजे जामखेडच्या मुलीने मत दिलेला विद्यार्थी अर्थसंकल्पावर बोलू शकतो. पण २०१९ साली या निवडणुकांची तयारी होऊनही त्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि पुढे ढकलणे हीच रीत होऊन बसली.

निवडणुकांना घाबरण्याचे कारण खोटे नाही. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. त्यानंतर राज्यात या निवडणुका बंद पडल्या त्या उगीच नव्हे. पण मधल्या काळात विद्यार्थी निवडणुकांबाबत लिंगडोह समितीच्या शिफारशी आल्या आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मान्य केल्या. उमेदवाराच्या खर्चाला पाच हजारांची मर्यादा, वयाची अट, ७५ टक्के हजेरी, छापील फलकांना मनाई, सगळी प्रक्रिया दहा दिवसांत पूर्ण: हिंसेची आणि पैशाची वाट अडवायची साधने हाताशी आहेत. याहून खरी भीती वेगळी आहे. तालुक्यातली पुष्कळ महाविद्यालये ज्यांच्या संस्थेची, त्यांचाच साखर कारखाना आणि बाजार समिती असते. तिथली पॅनेलबाजी वर्गात शिरेल, असे प्राचार्य सांगतात. ती शिरेल, काही ठिकाणी नक्की शिरेल. पण नेमणुकीची परिषद संस्थाचालकांच्या हाताबाहेर असते असे कोण म्हणेल? गुप्त मतदानात निदान पाचशे मुलांना नाही म्हणायची संधी मिळते. आणि अठराव्या वर्षी विधानसभेला मत देणाऱ्या मुलीला ग्रंथालयाच्या वेळेबद्दल मत देता येऊ नये, याला काही आधार नाही.

या कामात वाचकांनाही करण्यासारखे काही आहे. अधिसभेवर दहा सदस्य नोंदणीकृत पदवीधरांमधून, पाच वर्षांसाठी, निवडले जातात. या विद्यापीठाची पदवी घेतलेले लाखो लोक आहेत. नोंदणी करणारे त्या मानाने फार थोडे. आपण या विद्यापीठाचे पदवीधर असाल तर नाव नोंदवा. आणि पुढच्या वेळी कोणी मत मागायला आला, की विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका कधी घेणार, हा प्रश्न त्याला सर्वांत आधी विचारा.