बॅटच्या अगदी जवळ

दोस्तांनो, मॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्यात मोठं भांडण कशावरून होतं? बरोबर! 'पहिली बॅटिंग कुणाची' यावरून. 'पहिली फिल्डिंग माझी' म्हणून भांडणारा मुलगा पाहिलाय कुणी? मी तरी नाही पाहिला.

दिवाळीच्या सुट्टीत शिरूरला आमच्या मुलांची दौंडच्या मुलांशी मॅच होती. दौंडची मुलं सकाळच्या एस.टी.नं आली. माझ्या वर्गातला एक जण मात्र कडेला लिंबाखाली बसून होता. म्हणाला, "बाई, माझ्याकडं बॅट नाही. मला नुसतं बॉल आणायला ठेवतात." त्याला जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते.

मुंबईत मरीन ड्राइव्हला, समुद्रासमोर, हिंदू जिमखान्याचं मैदान आहे. धोंडू सोलकर या मैदानाची निगा राखायचे. आई, वडील आणि सहा मुलं, एवढी माणसं तिथंच एका खोलीच्या झोपडीत राहायची. त्यातला एकनाथ १९४८ सालचा. मॅच असली की हा पोरगा धावफलकावरचे आकडे बदलायचा आणि खेळ डोळ्यांत साठवायचा. बघता बघता तो स्वतःच खेळू लागला आणि शाळकरी मुलांच्या भारतीय संघाचा कप्तान झाला. त्या संघात सुनील गावसकरही होता बरं का! १९६९ साली एकनाथ कसोटी सामना खेळला.

तो बॅटिंग करायचा, डावखुरी बॉलिंगही करायचा. पण जगानं त्याला ओळखलं ते फिल्डिंगमुळं. त्याची जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग, म्हणजे फलंदाजापासून दोन-चार पावलांवर! अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही मैदानाच्या आतल्या भागात चार खेळाडू असे डोळ्यांत तेल घालून उभे असतात. पण त्यांच्या हातात चामड्याचा मोठा मोजा असतो. आपल्या एकनाथच्या हातात काहीच नसायचं, आणि डोक्यावर हेल्मेटही नाही. तेव्हा ती वापरातच नव्हती.

तेव्हा आपल्याकडं बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन असे चार नामांकित फिरकी गोलंदाज होते. फिरकीवर चेंडू बॅटची कड घेऊन, कधी मग पॅडलाही लागून, जवळच उडतो. तो कुणी झेललाच नाही, तर गोलंदाजाची सगळी कला फुकट! म्हणून गुडघ्यांत वाकून, चवड्यांवर भार देऊन, नजर बॅटवर ठेवून एकनाथ टपलेला असायचा.

ऑगस्ट १९७१. लंडनचं ओव्हल मैदान. इंग्लंडमध्ये भारतानं तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. पहिल्या डावात एकनाथनं ३ बळी घेतले, ४४ धावा केल्या. दुसऱ्या डावात चंद्रशेखरनं ६ बळी घेतले आणि इंग्लंड १०१ धावांत गारद! त्यात वेंकटच्या चेंडूवर ॲलन नॉटचा चेंडू उडाला मात्र, एकनाथनं पुढं झेप घेतली आणि जमिनीलगत तो अलगद टिपला. भारत ४ गडी राखून जिंकला. इंग्लंडमधला आपला तो पहिला कसोटी विजय, आणि मालिकाही आपलीच.

आता वहीत एक गणित करा. एकनाथ २७ कसोट्या खेळला आणि त्यानं ५३ झेल घेतले. एका कसोटीत किती? जवळजवळ दोन! यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूला हे किती अवघड, ते तुमच्या बाबांना विचारा. २००५ साली एकनाथ गेला, पण त्याचे झेल अजून माणसं आठवतात.

गोष्ट ऐकून तो मुलगा उठला आणि कप्तानाला म्हणाला, "मी जवळ उभा राहतो." टेनिसचा चेंडू होता, म्हणून मीही अडवलं नाही. पहिला झेल सुटला. पोरं ओरडली. तो तिथून हलला नाही. दुसरा झेल मात्र पकडला. मॅच आम्ही हरलो. पण पुढच्या रविवारी संघ निवडताना कप्तानानं पहिली हाक त्यालाच मारली.

तुमच्याकडं बॅट नसेल तर घराची भिंत आहे ना? टेनिसचा चेंडू भिंतीवर मारा आणि परत येताना झेला. रोज शंभर वेळा! चामड्याच्या चेंडूसमोर मात्र हेल्मेटशिवाय इतक्या जवळ कधीही उभं राहायचं नाही, कळलं?