चौदा महिन्यांचा राष्ट्रप्रमुख

मार्च 1991. पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशाच्या राजधानीत, बामाकोत, विद्यार्थी, कामगार संघटना, वकील आणि बाजारात भाजी विकणाऱ्या बायकाही रस्त्यावर उतरल्या होत्या. 1968 पासून जनरल मुसा त्राओरे सत्तेवर होते. देशात एकच पक्ष आणि तोही त्यांचाच. 22 मार्चला सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि पुढच्या चार दिवसांत शेकडो माणसे मेली. मेलेल्यांत शाळा-कॉलेजची मुले बरीच होती. 26 मार्चला लेफ्टनंट कर्नल अमादू तुमानी तुरे या छत्रीधारी दलाच्या अधिकाऱ्याने स्वतःच्याच सरसेनापतीला, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना, अटक केली. एकेकाळी अध्यक्षांच्या अंगरक्षक दलाची धुरा याच तुरे यांच्याकडे होती.

इथवरची कथा आफ्रिकेला नवी नव्हती. खुद्द त्राओरे असेच बंड करून आले होते आणि आधीच्या मोदिबो केइता यांना त्यांनी तुरुंगात टाकले होते. लोकांच्या नावाने बंदूक उचलायची, 'थोड्या दिवसांसाठी' राजवाड्यात शिरायचे आणि तिथेच म्हातारे व्हायचे, ही वाट मळलेली होती. बेचाळीस वर्षांचे तुरे त्या वाटेने गेले नाहीत. ते का गेले नाहीत यापेक्षा कसे गेले नाहीत, हे पाहणे अधिक मोलाचे आहे. सत्ता सोडायला मनाचा मोठेपणा लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही. सोडण्याचीही व्यवस्था उभारावी लागते.

पहिल्या काही दिवसांतच त्यांनी निव्वळ लष्करी मंडळ बाजूला ठेवून 25 जणांची संक्रमण समिती नेमली. तिच्यात सैनिक दहा होते आणि नागरिक पंधरा. म्हणजे मतदानाची वेळ आली तर वर्दीवाले हरणार, हे पहिल्याच दिवशी ठरून गेले. पंतप्रधानपदी सुमाना साको हे अर्थतज्ज्ञ आले. जुलैच्या मध्यावर गृहमंत्री लामिन दियाबिरा यांना कटाच्या आरोपावरून अटक झाली. अशा वेळी 'परिस्थिती बिकट आहे' असे सांगून सगळे पुढे ढकलणे किती सोपे होते! उलट त्याच महिन्याच्या 29 तारखेला बामाकोत राष्ट्रीय परिषद सुरू झाली. 12 ऑगस्टपर्यंत चाललेल्या या परिषदेत सुमारे 1800 प्रतिनिधी बसले आणि अध्यक्षस्थानी स्वतः तुरे होते. चर्चा रेडिओवरून देशभर ऐकू जात होती. ज्या देशात निम्म्याहून कितीतरी अधिक माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते, तिथे रेडिओवर ऐकवलेले वचन मोडणे छापील घोषणा मोडण्याइतके सोपे नसते.

परिषदेतून राज्यघटनेचा मसुदा निघाला आणि 12 जानेवारी 1992 रोजी सार्वमताने तो मंजूर झाला. उत्तरेकडच्या वाळवंटात तुआरेग लोकांचे बंड 1990 पासून धुमसत होते. 11 एप्रिलला त्यांच्याशी 'राष्ट्रीय करार' झाला. या साऱ्यात मूळ वेळापत्रक काही महिने लांबले, पण घसरले नाही. अध्यक्षपदाच्या निवडणुकीला तुरे उभे राहिले नाहीत. अल्फा उमर कोनारे हे इतिहास आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक निवडून आले आणि 8 जून 1992 रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली. लोक तेव्हापासून तुरे यांना 'लोकशाहीचा सैनिक' म्हणू लागले. रोजच्या बोलण्यातले त्यांचे नाव मात्र आद्याक्षरांचे, 'आ-ते-ते'.

हा माणूस घडला कुठे? जन्म 4 नोव्हेंबर 1948 चा, मोप्तीचा. नायजर आणि बानी या नद्यांच्या संगमावरचे हे बंदर. मासे, मीठ आणि धान्याच्या होड्या तिथे लागतात. तुरे यांचे शिक्षण आधी शिक्षक होण्यासाठी चालले होते. मग ते सैन्यात गेले, कातीच्या लष्करी शाळेत शिकले आणि पुढचे प्रशिक्षण सोव्हिएत संघात व फ्रान्समध्ये झाले.

सत्ता सोडल्यावर त्यांनी जे काम हाती घेतले, ते आपल्याकडच्या जुन्या पिढीला ऐकताक्षणी कळेल. ते काम होते नारूचे. पायऱ्यांच्या विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी पिणाऱ्या गावांत महाराष्ट्रानेही हा रोग भोगला आहे. पाण्यातल्या सूक्ष्म जलपिसवांबरोबर जंताच्या अळ्या पोटात जातात आणि साधारण वर्षभराने हातभराहून लांब जंत पायाच्या फोडातून बाहेर येऊ लागतो. आग शमवायला रोगी पाय पाण्यात बुडवतो आणि नव्या अळ्या पुन्हा पाण्यात पडतात. यावर औषध नाही, लस नाही. पाणी फडक्याने गाळायचे, रोग्याला पाणवठ्यापासून दूर ठेवायचे आणि जंत काडीवर गुंडाळत दिवसेंदिवस हळूहळू ओढायचा, हाच उपाय. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

जिमी कार्टर यांच्या संस्थेच्या मोहिमेत तुरे यांनी मालीसह फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकी देशांची जबाबदारी उचलली. गावोगावी गाळण्याचे फडके पोहोचायचे, तर वरून हुकूम सुटावा लागतो, आणि माजी राष्ट्रप्रमुखाला कुठल्याही अध्यक्षाचे दार उघडे असते. सत्तेतून मिळालेल्या वजनाचा इतका चांगला वापर क्वचितच कुणी केला असेल. मुलांसाठी त्यांनी एक संस्थाही काढली. 1996 मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात सैनिकांचे बंड झाले, तेव्हा मध्यस्थीसाठी त्यांनाच बोलावले गेले.

2001 मध्ये ते लष्करातून निवृत्त झाले आणि 2002 मध्ये कुठल्याही पक्षाविना निवडणूक जिंकून अध्यक्ष झाले. 2007 मध्ये ते पुन्हा निवडून आले. सिझेरियन शस्त्रक्रिया मोफत झाली आणि सामान्यांसाठी घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. बामाकोकरांनी त्यांना 'आतेतेबुगू', म्हणजे आ-ते-तेंचे गाव, असे नाव दिले. पण सगळ्या पक्षांना सत्तेत सामावून घेण्याच्या त्यांच्या पद्धतीने विरोधी पक्षच उरला नाही, आणि प्रश्न विचारणारा न उरल्यावर भ्रष्टाचार बळावला. 2010 मध्ये जागतिक निधी संस्थेने मालीच्या आरोग्य योजनांचा पैसा गैरव्यवहारामुळे रोखला. ज्यांनी आयुष्यातली चांगली वर्षे आरोग्यासाठी वेचली, त्यांच्याच कारकिर्दीत हे घडावे, हे दुःखद आहे. स्त्रियांना अधिक हक्क देणारा 2009 चा कुटुंब कायदा संसदेने मंजूर केला होता. धार्मिक संघटनांच्या मोर्च्यांपुढे नमून तुरे यांनी तो परत पाठवला. दोन वर्षांनी जो कायदा झाला, तो बराच पातळ होता.

2011 मध्ये लिबियात गद्दाफींची सत्ता कोसळली. तिथे लढणारे तुआरेग सैनिक शस्त्रांसह परतले आणि जानेवारी 2012 मध्ये उत्तरेत नवे बंड उसळले. अग्वेलहोक इथे मालीचे अनेक सैनिक मारले गेले. पुरेशी शस्त्रे न देता आमच्या माणसांना मरायला पाठवले, असा सैनिकांच्या घरच्यांचा आक्रोश होता. 21 मार्चला कातीच्या छावणीत असंतोष भडकला आणि रातोरात सैनिक कुलुबा टेकडीवरच्या अध्यक्षीय निवासात शिरले. पुढाकार कॅप्टन अमादू सानोगो यांचा होता. अध्यक्षीय निवडणूक जेमतेम पाच आठवड्यांवर आली होती, आणि तुरे पुन्हा उभे राहणारही नव्हते. काही दिवसांत किदाल, गाओ आणि तिंबक्तू ही उत्तरेकडची शहरे एकेक करून बंडखोरांच्या हाती गेली. लपून राहिलेल्या तुरे यांनी 8 एप्रिलला राजीनामा दिला आणि मग ते सेनेगलला गेले.

2017 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी ते मायदेशी परतले. 10 नोव्हेंबर 2020 रोजी इस्तंबूलमध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी ऑगस्टमध्येच मालीत आणखी एक बंड झाले होते. त्याचे नेते कर्नल असिमी गोइता जून 2021 मध्ये 'संक्रमणकालीन अध्यक्ष' झाले. निवडणुका फेब्रुवारी 2022 मध्ये होणार होत्या, त्या झाल्याच नाहीत. मे 2025 मध्ये सगळे राजकीय पक्ष बरखास्त झाले आणि जुलैमध्ये गोइता यांना निवडणुकीविना पाच वर्षांची, पुढे वाढवता येणारी मुदत मिळाली.