जुन्या पाइपलाइनला आतून गंज लागलाय, हे कळतं कसं?

२ मार्च २००६. अलास्कातल्या प्रुडो बे तेलक्षेत्रात रोजच्या फेरीवर निघालेल्या एका कामगाराला तेलाचा वास आला. बघितलं तर बीपी कंपनीच्या ३४ इंची पाइपला तळाशी जेमतेम पाव बाय अर्धा इंचाचं भोक! तेवढ्यातून २ लाख गॅलनपेक्षा जास्त, म्हणजे साडेसात लाख लिटरच्या वर तेल सांडलं होतं.

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे माझा पहिला प्रश्न: नुसत्या अलार्मवर भागत नाही का?

अलार्मची मर्यादा

अशी सिस्टिम साधारणपणे एका टोकाला किती तेल गेलं आणि दुसऱ्या टोकाला किती आलं, याचा हिशोब ठेवते. पण मीटर थोडे मागेपुढे होतातच. बारीक गळती त्या फरकात लपून जाते. शिवाय अलार्म वाजतो तो भोक पडल्यावर. आपल्याला कळायला हवं त्याआधी.

मग आत पाठवा 'पिग'

पिग म्हणजे पाइपच्या आतून, तेलाच्याच दाबाने पुढे सरकणारं यंत्र. साधा पिग गाळ खरवडतो. स्मार्ट पिग भिंत तपासतो, तेही दोन प्रकारे:

• चुंबकाने: भिंत जिथे झिजलीय तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं, सेन्सर ते टिपतो.
• अल्ट्रासाउंडने: पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. १० मिमी भिंतीतून जाऊन परत यायला साधारण ३.४ मायक्रोसेकंद. प्रतिध्वनी लवकर आला, की भिंत पातळ झाली समजा.

पाइपच्या आत जीपीएस चालत नाही. म्हणून पिगला अंतर मोजणारी चाकं असतात आणि तुमच्या फोनमध्ये असतो तसा जायरोस्कोप.

खरी मजा दोन फेऱ्यांची तुलना करण्यात आहे. समजा एका जागी पाच वर्षांपूर्वी भिंत ८ मिमी होती, आज ६ आहे. म्हणजे वर्षाला ०.४ मिमी जातेय. आता दुरुस्तीची तारीख आधीच ठरवता येते.

प्रुडो बेच्या त्या लाइनमध्ये शेवटचा पिग १९९८ मध्ये गेला होता. तेलाचा वेग कमी झाला, तळाशी पाणी आणि गाळ साचला, त्याखाली बॅक्टेरियांनी पोलाद पोखरलं. जुलैमध्ये दुसऱ्या लाइनमधून स्मार्ट पिग फिरवला, त्याचा निकाल ऑगस्टमध्ये आला तेव्हा तिथेही भिंत पातळ झालेली निघाली आणि तेलक्षेत्राचा मोठा भाग बंद करायची वेळ आली.

गंज थांबवायचा कसा?

आतून: नियमित सफाई आणि गंजरोधक रसायनं. बाहेरून: कोटिंग, आणि जमिनीखालच्या पाइपला जोडलेले मॅग्नेशियम किंवा झिंकचे तुकडे. हे तुकडे स्वतः झिजतात आणि पोलाद वाचवतात.

हीच युक्ती तुमच्या घरातही असू शकते. टाकीवाल्या बऱ्याच गिझरमध्ये मॅग्नेशियमची कांडी असते. ती संपली, की पुढचा नंबर टाकीचा. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला एवढंच विचारा, "दादा, आतली रॉड किती उरलीय?"