जॅक्सन: आडनाव एक, कुळे अनेक

21 डिसेंबर 1909 रोजी अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा वध केला, हे आपण शाळेपासून वाचतो. पण ‘जॅक्सन’ हे आडनाव आले कुठून? अर्थ सरळ आहे: जॅकचा मुलगा. मध्ययुगात ‘जॉन’ नावाची माणसे इंग्लंडात गावोगावी होती आणि जॅक हे जॉनचेच लाडके रूप. फ्रेंच ‘झाक’शी उच्चार जुळतो म्हणून काहींना जॅक तिथलाच वाटतो, पण झाक हे जेकबचे रूप आहे, तर जुन्या इंग्रजी कागदपत्रांत जॅक म्हणजे बहुधा जॉनच. ‘सन’ जोडण्याची पद्धत उत्तर इंग्लंडात अधिक रुजली. त्यामागे तिथे वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांचा प्रभाव मानला जातो.

मग सगळे जॅक्सन एकाच वंशाचे का? नाही. गावोगावच्या वेगवेगळ्या जॅकांच्या मुलांना हे नाव स्वतंत्रपणे मिळाले. कोणी म्हणेल, बापाचे नाव तर आपणही लावतो. खरे आहे, पण आपल्याकडे ते मधल्या जागी असते आणि पिढीगणिक बदलते. कान्हेऱ्यांच्या नावातले ‘लक्ष्मण’ हे वडिलांचे नाव. इंग्लंडात मध्ययुगाच्या उत्तरार्धात बापाचे नाव गोठून वंशपरंपरागत आडनाव झाले. म्हणून नाशिकच्या आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सनच्या वडिलांचे नाव जॅक असण्याची गरज नव्हती. आडनावावरून कुळाची कल्पना येते, पुरावा मिळत नाही. तो वंशावळीतच शोधावा.