ट्रंकेतले जुने नमुने, यंदाच्या सणाला



दिवाळीची साफसफाई निघाली की ट्रंकेच्या तळाशी, दिवाणाच्या पेटीत जुनी मासिकं सापडतात. आणि ती रद्दीत जातात. यंदा रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा चाळून बघा. शंकरराव किर्लोस्करांनी 1930 साली 'स्त्री' मासिक सुरू केलं. पुढच्या काळात बायकांच्या मासिकांत पाककृतींच्या जोडीला विणकाम-भरतकामाचे नमुनेही छापून येत. क्रोशाचं तोरण, बाळाचं झबलं-टोपरं, ताटावरचा रुमाल, रुखवताच्या वस्तू असं बरंच काही. आजही सणाला हेच लागतं. पण नमुना जसाच्या तसा उचलला तर फसगत होते. म्हणून या चार गोष्टी.

1. आधी भाषा समजून घ्या

हिंदी मासिकात 'फंदा' म्हणजे आपला टाका. 'सलाई' म्हणजे सुई, पण 'दहा सलाई बुनें' असं असेल तर दहा ओळी विणायच्या. मोबाईलवर व्हिडिओ बघून जुना इंग्रजी नमुना करणाऱ्यांनी जास्त जपायचं. ब्रिटिश पद्धतीत 'डबल क्रोशे' म्हणजे सुईवर वेढा न घेता केलेला बुटका टाका, आपला मुका खांब. अमेरिकन पद्धतीत तेच नाव एक वेढा घेऊन केलेल्या उंच खांबाला आहे. नाव एक, टाके दोन. फूल आक्रसलं किंवा झालरीसारखं लाटा घेऊ लागलं, तर हा घोळ झाला का ते आधी तपासा.

2. एक फूल करून मोजा

जुने नमुने बरेचदा बारीक सुती दोऱ्याचे असतात. आपण बाजारातून जाड लोकर आणतो. समजा, अंकातलं फूल 4 इंचाचं आहे. दार 3 फुटी, म्हणजे 36 इंच. हिशेबानं 9 फुलं लागतील. पण जाड लोकरीत तेच फूल 6 इंचाचं झालं तर 6 फुलांतच दार भरतं. उरलेली तीन फुलं आणि त्यांची लोकर वाया. म्हणून पूर्ण ऑर्डरची लोकर घेण्याआधी एकच गुंडा आणा, एक फूल करा, पट्टीनं मोजा. पाच फुलं झाली की गुंडा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून किती लोकर गेली तेही बघा.

फुलीच्या टाक्याचंही तसंच. 70 चौकटींचा मोर इंचाला 14 घरं असलेल्या मॅटीवर 5 इंचाचा होतो आणि 10 घरं असलेल्या मॅटीवर 7 इंचाचा.

3. नमुना करण्याआधी किंमत काढा

जुन्या अंकात वेळ लिहिलेला नसतो, कारण तो नमुना घरच्यासाठी होता. आपल्याला विकायचं आहे. समजा, एका तोरणाला लोकर-मणी-आरसे मिळून 85 रुपये लागले आणि 5 तास गेले. ते 150 रुपयांना विकलं तर हाती 65 रुपये, म्हणजे तासाला 13 रुपये. त्यापेक्षा निंदणाला गेलेलं काय वाईट? तासाला 40 रुपये धरले तर 5 तासांचे 200 आणि सामानाचे 85 मिळून 285 रुपये किंमत यायला हवी. तेवढी मिळत नसेल तर तो नमुना सोडा, किंवा सोपा करा. तीन रंगांऐवजी दोन घ्या, काठ साधा ठेवा. संक्रांतीच्या वाणाला बायका डझनानं घेतात, तिथं एका बैठकीत होणारा छोटा बटवा बरा. मोठं, निगुतीचं काम लग्नाच्या रुखवतासाठी ठेवा, ऑर्डर आणि आगाऊ रक्कम घेऊनच.

4. सणाआधी शेत बघा

आपल्या पातूरकडं सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की सुई हातात धरायला सवड नसते. नवरात्र-दिवाळीही त्याच दिवसांत आणि पाठोपाठ संक्रांत. म्हणून दिवाळीची तोरणं, बोरनहाणाची काळी झबली आणि वाणाचे बटवे उन्हाळ्यापासून करायला घ्या. पोळ्याच्या झुली आणि महालक्ष्म्यांचे रुमाल त्याहून आधी लागतात, ते पहिले.

एक सांभाळायचं. अंकातली पानं झेरॉक्स करून विकायची नाहीत. मजकूर आणि चित्रांवर लिहिणाऱ्याचा हक्क असतो आणि 1957 च्या कायद्याप्रमाणे तो त्यांच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं राहतो. नमुन्यावरून शिका, आपल्या मनाचे रंग आणि काठ घाला.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक तरी जुना अंक किंवा सासूबाईंनी विणलेला एक रुमाल आणा. गटाची एक नमुना-वही करू. प्रत्येक पानावर विणलेला छोटा तुकडा चिकटवायचा आणि खाली लिहायचं: कोणत्या अंकातून घेतला, सामान किती, तास किती, विकला केवढ्याला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, शेजारचीनं लिहायचं. जुनी विणकाम करणारी काकू गटात असेल तर पहिलं पान तिचंच.