दात्यांचा पट्टा सरकला तर?

मैत्रिणींनो, गाडी शिकलात, पण बॉनेट उघडलं की मागे सरता ना? जुन्या मारुती ८००च्या इंजिनात दात्यांचा रबरी पट्टा असतो, टायमिंग बेल्ट. क्रँकशाफ्टच्या २ फेऱ्यांत कॅमशाफ्टची १, हा मेळ तो राखतो. दाता सरकला की गाडी कष्टानं सुरू होते, थरथरते, चढावर दम सोडते. मग सारखा स्टार्टर मारू नका! काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, खर्च कितीतरी वाढतो. मेकॅनिक नुसतेच प्लग बदलू लागला, तर "पुलीवरच्या खुणा जुळतात का, दाखवा" असं खुशाल म्हणा. नवा पट्टा बसल्यावर इंजिन हातानं २ फेरे फिरवून खुणा पुन्हा बघायला लावा. टेन्शनरही तपासून घ्या. आणि बिलावर किलोमीटरचा आकडा लिहून घ्या.