समाजशास्त्राला जोड संख्याशास्त्राची

मुलाचा व्यवसाय वडिलांच्या व्यवसायावर कितपत अवलंबून असतो, हा प्रश्न समाजशास्त्राचा; परंतु त्याचे उत्तर संख्याशास्त्राच्या साहाय्यावाचून मिळत नाही. दोन पिढ्यांचे व्यवसाय कोष्टकात मांडले, तरी शेतीतील रोजगार एकंदरीतच घटल्यामुळे मुलगा कारखान्यात गेला, की घराण्याच्या व्यवसायाचे बंधन खरोखरच सैल झाले, हे वेगळे काढावे लागते. अशा कोष्टकांच्या विश्लेषणपद्धती विकसित करणाऱ्यांत अमेरिकेतील प्राध्यापक लिओ गुडमन अग्रगण्य होते.

न्यूयॉर्कमध्ये १९२८ साली जन्मलेल्या गुडमन यांनी सिराक्यूज विद्यापीठात समाजशास्त्र व गणित यांचा एकत्रित अभ्यास करून १९४८ साली पदवी मिळविली. १९५० साली प्रिन्स्टन विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली. त्यानंतर १९८७ पर्यंत शिकागो विद्यापीठात आणि पुढे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते दोन्ही विषयांचे प्राध्यापक होते. विल्यम क्रुस्कल यांच्यासमवेत १९५४ पासून त्यांनी लिहिलेले, वर्गवारीतील परस्परसंबंध मोजण्याविषयीचे निबंध सर्वमान्य झाले. २०२० साली त्यांचे निधन झाले.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी प्रवेशाच्या अटी वेळीच समजून घेणे अगत्याचे आहे. अमेरिकी विद्यापीठांत उच्च शिक्षणासाठी पदवी, गुणपत्रके, शिफारसपत्रे, अभ्यासाचा हेतू सांगणारे निवेदन आणि परदेशी विद्यार्थ्यांकडून सामान्यतः इंग्रजीच्या ज्ञानाचा पुरावा मागितला जातो. जीआरई परीक्षेविषयीचे नियम विद्यापीठागणिक भिन्न असून त्यांत बदलही होत असतात. समाजशास्त्राच्या प्रवेशासाठी पदवीचा विषय तोच असावा, असा आग्रह बहुधा नसतो. संख्याशास्त्र विभाग मात्र कलनशास्त्र, रेषीय बीजगणित व संभाव्यता यांची पूर्वतयारी पाहतात. भारतातही कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पदव्युत्तर संख्याशास्त्र अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेत गणिताची कसोटी लागते.

ही तयारी पदवीनंतर भरून काढणे कठीण जाते. महाराष्ट्र राज्य मंडळाचे बारावीचे ‘गणित व संख्याशास्त्र’ हे पाठ्यपुस्तक कला व विज्ञान या दोन्ही शाखांसाठी आहे, हे पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही. कला शाखा निवडली म्हणजे गणिताचा निरोप घेतला, असे मुळीच नाही. समाजाचे प्रश्न समजून घेण्याची ओढ असणाऱ्या विद्यार्थ्याने अकरावीतच गणिताची कास धरली, तर पुढे दोन्ही विद्याशाखांची दारे त्याला खुली राहतील.